पासंड आणि पाखंड: एका शब्दाची अधोगती

एम. ए.च्या वर्गाला आम्ही दरवर्षी अशोकाच्या शिलालेखांची थोडी ओळख करून देतो. मराठीची पूर्वपीठिका समजून घ्यायची तर प्राकृताच्या उंबरठ्यावरून जावेच लागते, आणि त्यासाठी गिरनारच्या खडकावरील लेखांइतका सोपा व सरळ मजकूर दुसरा सापडत नाही. यंदा बाराव्या लेखाचा अनुवाद घरून करून आणण्यास सांगितले होते. एका विद्यार्थिनीने उभे राहून पहिले वाक्य वाचले. त्यात देवानांप्रिय प्रियदर्शी राजा सर्व पाखंडांचा, मग ते गृहस्थ असोत वा संन्यासी, दानाने व मानाने सत्कार करीत होता. वर्ग हसला. विद्यार्थिनी ओशाळली आणि म्हणाली, "सर, मूळ शब्द 'पासंड'च आहे. मी दुसरे काय लिहिणार?"

तिचे म्हणणे खरे होते आणि वर्गाचे हसणेही स्वाभाविक होते. 'पासंड' आणि 'पाखंड' हा एकच शब्द आहे. तरीही पहिल्याच्या जागी दुसरा ठेवला की अशोकाच्या तोंडी त्याच्या म्हणण्याच्या नेमके उलट विधान येते. असे का व्हावे, आणि या शब्दाच्या शेजारी नांदणाऱ्या संप्रदाय, पंथ, मत, नास्तिक या शब्दांशी त्याचे नाते काय, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी अशोकाच्या लेखात हा शब्द काय काम करतो ते पाहू. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील या लेखांत 'धम्म' आणि 'पासंड' हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवलेले आहेत. धम्म म्हणजे आचरणाची एक समान नीती: आईवडिलांची सेवा, दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, श्रमण-ब्राह्मणांना दान, प्राण्यांची हिंसा न करणे. पासंड म्हणजे माणसे ज्या गटात राहून आपले विशिष्ट आचारविचार पाळतात तो गट. धम्म एक आहे, पासंड अनेक आहेत. दिल्लीस असलेल्या टोपरा स्तंभावरील सातव्या लेखात राजाने धम्ममहामात्रांची कामे सांगताना बौद्ध संघ, ब्राह्मण, आजीविक, निर्ग्रंथ म्हणजे जैन, आणि इतर नाना पासंड अशी यादीच दिली आहे. ब्राह्मणही या यादीत आहेत आणि राजाचा स्वतःचा संघही आहे. कोणी वर नाही, कोणी खाली नाही.

बाराव्या लेखाचा गाभा तर याहून सूक्ष्म आहे. राजा म्हणतो की दान आणि सत्कार यांपेक्षा सर्व पासंडांच्या साराची वाढ व्हावी याला तो अधिक महत्त्व देतो, आणि या वाढीचे मूळ वाणीच्या संयमात आहे. कारण नसताना आपल्या पासंडाची स्तुती करू नये, दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करू नये. जो भक्तीच्या भरात तसे करतो तो आपल्याच पासंडाची हानी करतो. यासाठी लेखात दोन जोडशब्द योजले आहेत: 'आत्मपासंड' आणि 'परपासंड'. वाचकांनी ही जोडी ध्यानात ठेवावी. पुढील सारी कथा तिच्यातील पहिल्या शब्दाच्या लोपाची आहे.

अशोकाच्या काळी हा शब्द निर्दोष होता याचा आणखी एक भक्कम पुरावा भारताच्या बाहेर मिळाला. अफगाणिस्तानात कंदाहार येथे १९५८ साली अशोकाचा ग्रीक आणि अरेमाइक अशा दोन भाषांतील लेख उजेडात आला, आणि १९६३ साली तेथेच बाराव्या व तेराव्या लेखांच्या काही भागाचा ग्रीक अनुवाद सापडला. धम्म या शब्दासाठी ग्रीक अनुवादकाने 'युसेबिया' हा शब्द घेतला; त्याचा अर्थ पूज्यांविषयीची निष्ठा, सदाचरण. पासंड या शब्दासाठी मात्र त्याने 'दियात्रिबे' हा शब्द निवडला. ग्रीकांमध्ये हा शब्द तत्त्वज्ञांच्या विद्यापीठाला, गुरूभोवती जमणाऱ्या शिष्यमंडळाला लावीत. अनुवादक कोण होता हे इतिहासाने नोंदवलेले नाही. पण दोन्ही भाषा जाणणाऱ्या त्या माणसाला पासंड म्हणताच ढोंगी साधू आठवले नाहीत, विचार करणारी मंडळी आठवली. आमच्या विद्यार्थिनीला हवा असलेला प्रतिशब्द सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका परक्या भाषेत मिळालेला होता.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि पुढे १९५६ साली नवव्याचाही सापडला. तेथे चौदा लेखांचा संपूर्ण संच कोरलेला असावा असे मानतात. तसे असेल तर आपल्या या कोकणकिनाऱ्यावर, बंदरात उतरणाऱ्या व्यापाऱ्यांच्या नजरेस पडेल अशा जागी, 'सर्व पासंड' हे शब्द एके काळी आदराने कोरलेले होते.

अशोकानंतरही काही काळ शब्दाची अब्रू शाबूत होती. ओरिसातील उदयगिरीच्या हाथीगुंफा लेखात कलिंगराज खारवेल याच्या बिरुदांत 'सर्वपासंडपूजक' असे एक बिरुद येते. हा राजा जैन होता. लेखाचा आरंभच अर्हंतांना व सिद्धांना वंदन करून होतो. आजच्या एखाद्या पुढाऱ्याला त्याच्या सत्कारसभेत 'सर्व पाखंडांचे पूजक' म्हणून पाहावे, म्हणजे शब्द किती खाली घसरला याची कल्पना येईल.

ही घसरण कशी झाली? व्युत्पत्तीत उत्तर शोधणाऱ्यांची येथे फसगत होते. 'पा' म्हणजे तीन वेदांनी सांगितलेला, जगाचे पालन करणारा धर्म, आणि त्याचे खंडन करणारा तो पाखंड, अशी फोड जुन्या टीकाकारांनी दिली आहे. ती अर्थातच मागाहून रचलेली आहे. शब्द बदनाम झाल्यावर त्याचे कूळही बदनाम असल्याचे दाखविणे भाग होते. वायव्येकडील शाहबाजगढीच्या लेखात हा शब्द 'प्रषंड' अशा रूपात येतो. त्यावरून त्याचे मूळ 'पार्षद', म्हणजे परिषदेशी, मंडळीशी संबंधित, या शब्दाकडे नेण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे आणि आम्हांलाही तोच मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो. संस्कृतातील 'पाषंड' हे रूप प्राकृतावरून उलट घडविलेले आहे. 'ष'चा उच्चार 'ख' असा होण्याची रीत उत्तरेत होती, आणि जुन्या मराठी हस्तलिखितांतही 'ख'च्या जागी 'ष' लिहिलेला सर्रास आढळतो. पाषंडाचा पाखंड झाला तो असा. ध्वनीचा हा प्रवास सरळ आहे. अर्थाचा प्रवास तसा नाही.

कौटिलीय अर्थशास्त्रात नगररचना सांगताना पाषंडांनी चांडाळांप्रमाणे स्मशानाच्या कडेला राहावे असे म्हटले आहे. मनुस्मृतीत तर भाषा अधिक कडक होते: पाषंडींचा वाणीनेही सत्कार करू नये, त्यांनी व्यापलेल्या गावात राहू नये, आणि राजाने जुगारी इत्यादींबरोबर त्यांना नगराबाहेर घालवावे. अशोकाने वाणीच्या संयमाला साऱ्याचे मूळ म्हटले होते. येथेही वाणीच आवरायची आहे, पण ती सत्कारापासून. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात मायामोहाची कथा आहे. असुरांना वेदमार्गापासून भ्रष्ट करून दुर्बळ करण्यासाठी विष्णू आपल्या देहातून एक पुरुष निर्माण करतो, आणि तो डोके मुंडलेला, मोरपिसे घेतलेला मायामोह त्यांना जी शिकवण देतो ती जैन व बौद्ध मतांची आहे, हे वाचणाऱ्याला सहज ओळखू येते. कथेच्या शेवटी पाषंडींशी नुसते बोलण्यानेही किती जन्मांचे पातक लागते याचे आख्यान आहे.

तथापि हा सारा दोष वैदिकांच्या पदरात टाकून मोकळे होणे सोपे असले तरी खरे होणार नाही. पाली वाङ्मयात बौद्धही आपल्या बाहेरच्यांना पासंड म्हणतात आणि ते कौतुकाने नव्हे. जैनांच्या श्रावकाचारात सम्यक्त्वाचे पाच अतिचार, म्हणजे श्रद्धेला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी, सांगितल्या आहेत. शंका, कांक्षा, विचिकित्सा या पहिल्या तीन. उरलेल्या दोन आहेत 'परपासंडप्रशंसा' आणि 'परपासंडसंस्तव', म्हणजे दुसऱ्याच्या पासंडाची स्तुती करणे आणि त्याच्याशी परिचय वाढविणे. शब्द तोच, अशोकाचाच. उपदेश मात्र अगदी उलटा. येथे 'पर' हे विशेषण अजून शिल्लक आहे, म्हणजे आपलाही एक पासंड आहे याची अंधूक जाणीव शिल्लक आहे, एवढेच.

आमचे म्हणणे असे की शब्द पडला तो या ठिकाणी. प्रत्येकाने स्वतःसाठी दुसरा शब्द शोधला. बौद्धांनी स्वतःला संघ, शासन म्हटले. वैदिकांनी धर्म म्हटले. पुढे गुरुपरंपरांनी संप्रदाय म्हटले. 'आत्मपासंड' हा शब्द कोणाच्याच तोंडी राहिला नाही. जो शब्द माणूस फक्त दुसऱ्याला लावतो आणि स्वतःला कधीच लावत नाही, त्याची शिवी व्हायला फार काळ लागत नाही. 'पर' हे विशेषण मग अनावश्यक होऊन गळून पडले, कारण पासंड म्हटले की तो परकाच.

ग्रीकांकडेही असेच घडले. 'हैरेसिस' या शब्दाचा मूळ अर्थ निवड. त्यावरून एखाद्या विचारपरंपरेला तो लावीत, आणि पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याने आपल्या समाजातील फरिसी, सदूकी व एसेनी या गटांना कोणताही कमीपणा न आणता तोच शब्द वापरला आहे. चर्चची सत्ता स्थिर झाल्यावर त्याच शब्दाचा अर्थ धर्मद्रोह झाला, आणि पुढे त्या आरोपावरून माणसे जाळली गेली.

अशोकाच्या बाबतीत दैवाने आणखी एक थट्टा केली. 'देवानांप्रिय' हे त्याचे आवडते बिरुद. उत्तरकालीन वैयाकरणांनी, उदाहरणार्थ भट्टोजी दीक्षितांनी सिद्धांतकौमुदीत, या सामासिक शब्दाचा अर्थ 'मूर्ख' असा दिला. म्हणजे मूर्ख राजा पाखंड्यांची पूजा करीत होता, एवढेच त्या बिरुदाचे व त्या लेखाचे शिल्लक राहिले असते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली नसती तर हा शब्द कधी काळी सभ्य होता, हे आपल्याला कळण्याचे साधनच नव्हते.

येथे अशोकाचीही एक बाजू सांगितली पाहिजे. परपासंडांविषयी एवढा उदार असणाऱ्या या राजाने सारनाथ, सांची व कौशांबी येथील लेखांत मात्र बजावले आहे की जो भिक्षू वा भिक्षुणी संघात फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रे नेसवून संघाच्या वस्तीबाहेर ठेवावे. बाहेरचे भिन्नमत त्याला सहन होत होते. घरातले होत नव्हते. आजही अनेक उदारांचे असेच असते.

आता शेजारच्या शब्दांकडे वळू. 'नास्तिक' आणि 'पाखंडी' आपण पुष्कळदा एका दमात उच्चारतो, पण ते एक नव्हेत. पाणिनीच्या सूत्रानुसार 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि टीकाकार 'परलोक नाही' असा त्याचा अर्थ लावतात. मनूने मात्र वेदनिंदकाला नास्तिक ठरविले. देव मानणे न मानणे हा प्रश्न दोन्हीकडे नाही. म्हणूनच जगत्कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसतात. आजच्या मराठीत नास्तिक म्हणजे निरीश्वरवादी, आणि पुष्कळ लोक स्वतःला तसे अभिमानाने म्हणवतात. फरक असा की नास्तिक हा शब्द माणूस काय मानतो यावर बोट ठेवतो. पाखंडी हा शब्द तो कोणाच्या विरुद्ध उभा आहे यावर.

संप्रदाय, पंथ आणि मत यांतही छटा आहेत. संप्रदाय म्हणजे नीटपणे हाती दिलेले. त्यात देणारा गुरू आणि घेणारा शिष्य आहे, दृष्टी मागे वळलेली आहे. पंथ म्हणजे वाट. तिच्यावर चालणाऱ्यांची पावले आहेत. मत हे डोक्यात असते आणि म्हणून वादात सापडते. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात बौद्धांसाठी योजलेला शब्द 'मत' हाच आहे, आणि ते मत गणेशाच्या हातातील मोडलेला दात झाले आहे. मोडलेला खरा, पण देवाच्याच अंगाचा. याउलट बाराव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानदेव गुरुकृपेजवळ मराठीच्या नगरीत ब्रह्मविद्येचा सुकाळ मागतात, तेथे पाखंड हा शब्द कुतर्काच्या हिंस्र श्वापदांच्या संगतीत येतो. एकाच ग्रंथकाराने बौद्धांना मत म्हणावे आणि पाखंड निराळे ठेवावे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. आम्हां दोघांपैकी एकाला हा निव्वळ प्रसंगाचा भाग वाटतो; तो वाद अजून मिटलेला नाही. असो.

तुकोबांनी तर धर्मपालनाबरोबर पाषांडाचे खंडन हे आपले कामच मानले. त्यांचा रोख बाह्य वेष मिरवून आत पोकळ असणाऱ्यांवर आहे. शब्दाला 'ढोंग' हा अर्थ कोठून आला याचा धागा अमरकोशात सापडतो: तेथे पाषंड म्हणजे सर्व तऱ्हेची चिन्हे धारण करणारे. चिन्हावरून ओळखायचे माणूस, आणि मग चिन्हापुरतेच उरलेले माणूस, हे अंतर फार नाही. पण गंमत अशी की पाषांड खोडणाऱ्या तुकोबांनाच, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अनधिकाराने वेदार्थ बोलल्याच्या आरोपावरून आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात स्वामी दयानंदांनी 'पाखंडखंडिनी' पताका उभारली, तेव्हा तिचा रोख पुराणांवर व मूर्तिपूजेवर होता. ज्या पुराणांनी इतरांना पाषंड ठरविले तीच आता पाखंड ठरली. शब्दाला मालक नसतो, फक्त टोक असते.

मराठीने या शब्दाचा एक धाकटा भाऊही घडविला आहे, आणि त्याविषयी आपण क्वचितच बोलतो. तो शब्द 'मानभावी'. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रीशूद्रांनाही संन्यासाची वाट मोकळी करणारा महानुभाव पंथ उभा केला. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ 'लीळाचरित्र' त्याच पंथातला, आणि आपली आद्य कवयित्री महदंबाही त्याच पंथातली. आम्ही मराठीचे अध्यापक वर्षभर ज्यांच्यावर पोट भरतो ते हे लोक. त्यांच्या नावाचे लोकांच्या तोंडी 'मानभाव' झाले, आणि त्यावरून गोड बोलून आत कपट ठेवणारा तो 'मानभावी'. करणी कसाबाची, बोलणी मानभावाची, ही म्हण आमच्या आज्या सहज वापरीत. पंथ आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत झाकून ठेवीत असे. ती लिपी उलगडून विसाव्या शतकाच्या आरंभी ते ग्रंथ बाहेर आले, तोवर शब्द आपले काम करून चुकला होता. लीळाचरित्र शिकवून झाल्यावर त्याच तासाला एखाद्या पात्राला 'मानभावी' म्हणण्याचा प्रमाद आमच्याकडूनही घडलेला आहे. वर्गात महानुभाव घरातला एक मुलगा बसलेला होता. तो काहीच बोलला नाही. तास संपल्यावर त्याने तेवढ्यापुरते विचारले की परीक्षेत हा शब्द लिहिला तर चालेल का.

आणि हा खेळ संपलेला नाही. 'सांप्रदायिक' हा शब्द पाहावा. मराठीत सांप्रदायिक कीर्तन, सांप्रदायिक अर्थ म्हणताना आपल्या मनात परंपरेविषयी आदर असतो. हिंदीत मात्र सांप्रदायिक म्हणजे धर्माधर्मांत तेढ माजविणारा, आणि वृत्तपत्रांच्या वाटेने तो अर्थ मराठीत शिरलेला आहे. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'सांप्रदायिक दंगल' आणि 'वारकरी सांप्रदायिक' हे दोन्ही एकाच पानावर आढळतात. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानाच्या उद्देशिकेत जो शब्द घातला त्याचे हिंदी पाठात 'पंथनिरपेक्ष' झाले आणि मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. पहिल्याने राज्याला अशोकाच्या अर्थाच्या पासंडांपासून अलग ठेवले आणि धर्म हा शब्द व्यापक नीतीसाठी राखून ठेवला. दुसऱ्याने धर्म म्हणजे त्या पासंडांपैकीच एकेक, असे गृहीत धरले. दोन्ही भाषांना अशोकाचा 'पासंड' हाताशी असता तर हा घोळ झाला नसता. पण तो शब्द वापरायच्या लायकीचा कोणी ठेवलाच नव्हता.

वर्गातील अनुवाद तसाच पडून होता. पुढच्या तासाला फळ्यावर चार पर्याय लिहिले. 'धर्म' घ्यावा तर अशोकाचा धम्म बुडतो. 'संप्रदाय' घ्यावा तर गुरुपरंपरा नसलेले गृहस्थ बाहेर राहतात. 'मत' घ्यावे तर माणसे नाहीशी होऊन विचार तेवढे उरतात. 'पंथ' त्यातल्या त्यात जवळचा, आणि बहुतेकांनी तोच उतरवून घेतला. त्या विद्यार्थिनीने मात्र वही पुढे केली तेव्हा 'पाखंड' खोडून तिने 'पासंड' लिहिले होते, आणि 'परपासंड' जेथे जेथे आला होता तेथे त्याच्या आधी 'आत्मपासंड' सुटला तर नाही ना, हे शाईने खूण करून तपासले होते.